चौऱ्याण्णवच्या टीमचा फोटो

व्हर्लिन ह्रुस्का यांनी आमच्या वेल्का गावात एकतीस वर्षं अकरा-बारा वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवला. पोट चालायचं ते कापसाच्या जिनमधल्या मेकॅनिकच्या नोकरीवर. उजव्या हाताची अर्धी करंगळी त्या जिनच्या पट्ट्यात गेली होती. त्यामुळे कोच हात वर करून "पाच मिनिटं!" म्हणाले की एखादं नवं पोर हमखास ओरडायचं, "कोच, साडेचारच दिसतायत!" आणि सगळ्यांच्या आधी कोचच हसायचे.

मी लीलंड कुबाला. बाराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली खेळलो आणि पुढे नऊ वर्षं त्यांचा मदतनीस होतो. एरवी शाळेची बस चालवायचो. फुटबॉल म्हणजे आमच्या टेक्सासातला, चेंडू छातीशी धरून पळायचा आणि अंगावर येणाऱ्याला आडवा करायचा. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्याला मिळतो. वेल्कात पोरगं हे चालायच्या आधी शिकतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या वेळचे कोच कडक होते. ऑगस्टच्या उन्हात पाणी मागणाऱ्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लागायच्या. सरावाच्या शेवटी 'झुंज' असायची. दोन पोरांनी एकमेकांकडे डोकं करून पाठीवर झोपायचं, शिट्टी झाली की उठायचं आणि एकमेकांवर धडकायचं. बाकीच्यांनी गोल करून आरडाओरडा करायचा. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं की तो आवाज रस्त्यापलीकडे जिनपर्यंत जायचा आणि कोच म्हणायचे, "हां, आता कसं फुटबॉलसारखं वाटतंय!" आम्हाला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? त्यांनी पाठीवर थाप मारावी म्हणून आम्ही भिंतीवरही डोकं आपटलं असतं.

१९९४ साली आमच्या टीमनं जिल्ह्याचं विजेतेपद जिंकलं. अंतिम सामन्यात रॉइस मिकेस्का हा आमचा सगळ्यात जोरात पळणारा गडी मार लागून पडला आणि उठून समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. सगळं मैदान हसलं. कोचनी त्याला बाकावर बसवलं, नाकाशी अमोनियाची कुपी फोडली, थोबाडात हलकी चापट मारली आणि परत पाठवलं. त्यानंच चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन शेवटचा टचडाउन केला. त्या टीमचा फोटो बेकरीत कोलाची नावाच्या गोड पावांच्या काचेमागे अजून लटकतोय. अठरा पोरं, सगळ्यांचे दात बाहेर.

कोच काळाबरोबर बदललेही. पाण्याची शिक्षा बंद झाली. मैदानाच्या कडेला गुरांना पाणी पाजायची टाकी आणून ते ती बर्फानं भरून ठेवू लागले. एकदा उन्हानं बरळायला लागलेल्या पोराला त्यांनी कपड्यांसकट तिच्यात मानेपर्यंत बुडवलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत धरून ठेवलं. ते पोरगं वाचलं. झुंज मात्र चालूच राहिली. ती कोचनाही आवडायची आणि आईबापांनाही.

मग २०२३ चा जुलै आला आणि क्लिफ्टन झापालाक याला त्याच्या बायकोनं वृद्धाश्रमात ठेवलं. क्लिफ्टन आमच्या त्या टीमचा क्वार्टरबॅक, प्रत्येक डावात चेंडू वाटून देणारा. वय एक्केचाळीस. आदल्या नाताळात तो स्वतःच्या मुलीला "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, डोक्याला बसलेल्या मारांनी असू शकतं, दुसऱ्या कशानंही असू शकतं, नक्की काय ते माणूस गेल्यावर मेंदू कापल्याशिवाय कळत नाही.

कोच दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की त्याला भेटायला जायचे. तिसऱ्या रविवारी मीही गेलो. क्लिफ्टन खिडकीत बसला होता. त्यानं मला ओळखलं नाही. कोचना बघून मात्र ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "कोच, मी परत जाऊ का? मी ठीक आहे." बाहेर गाडीत बसल्यावर कोचनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"पोर मला हे किती वेळा म्हणालं असेल?" ते म्हणाले. "आणि मी किती वेळा 'जा' म्हणालो असेन?"

त्याच आठवड्यात त्यांनी बेकरीतून तो फोटो मागून आणला, स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आणि डावीकडून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. त्यांची बायको डोरीन मला म्हणाली, "जेवायलाही उठत नाही रे. सगळ्यांना एकच विचारतोय. डोकं दुखतं का? राग येतो का? शब्द सापडत नाहीत का?" अठरांपैकी दोघं आधीच गेले होते, एक अपघातात आणि एकानं स्वतःच जीव दिला होता. कोच ज्यांच्याशी बोलले त्यातले सहाजण बराच वेळ गप्प राहिले. दोघांनी फोन ठेवून दिला. रॉइस म्हणाला, "कोच, म्हातारपण तुम्हाला आलंय, मला नाही," आणि मोठ्यानं हसला.

माझा नंबर वरच्या रांगेत शेवटचा होता.

"लीलंड, तुला काही होतं का रे?"

"छे! मला काय धाड भरलीय?" मी म्हणालो.

खोटं बोललो. त्या वसंतात दोनदा बस घेऊन निघालो असताना पुढच्या वळणावर डावीकडे जायचं की उजवीकडे तेच आठवेना. मागे तीस पोरं गाणी म्हणत होती. मी सरळ जात राहिलो, आणि ओळखीचं धान्याचं कोठार दिसल्यावर कुठे हे सगळं परत जागेवर आलं. एका पोरानं विचारलं, "लीलंडकाका, आज लांबून का?" म्हटलं, रस्ता खणलाय.

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला तेव्हा कोचनी पहिल्याच दिवशी झुंज बंद केली. "आजपासून डोकं हे हत्यार नाही," ते पोरांना म्हणाले. "डोकं हे अंडं आहे. अंडं घेऊन कोणी मारामारी करतं का?" टॅकल, म्हणजे समोरच्याला आडवा कसा करायचा, ते शिकवायला त्यांनी जिनमधून कापसाची फाटकी गाठोडी आणली. डोळे वर, डोकं बाजूला, खांदा समोरच्याच्या मांडीवर, दोन्ही हातांनी कवळायचं आणि पाय चालू ठेवायचे. आठवड्यातून एकच दिवस अंगाला अंग लावायची परवानगी. कुंपणाला टेकलेले बाप हसायचे. कोणीतरी ओरडलं, "कोच, पुढच्या आठवड्यात विणकाम शिकवणार का?"

"तू ये, तुला शिकवतो," कोच म्हणाले. "तुझ्या बायकोला तरी स्वेटर मिळेल."

आमची पोरं त्या वर्षी अंगानं लहान होती. धडकून जिंकायचं म्हटलं असतं तर एकही सामना हाती लागला नसता. कोचनी त्यांना चकवा शिकवला. सगळी पुढची फळी उजवीकडे झुकायची, क्वार्टरबॅक उजवीकडे चेंडू देतोय असं दाखवायचा, आणि ट्रेंट मिकेस्का, रॉइसचा मुलगा, एक पाऊल उजवीकडे टाकून गर्रकन डावीकडे वळायचा. त्याच्यापुढे वाट साफ करायला दोन पोरं आधीच डावीकडे पळालेली असायची. समोरचे उजवीकडच्या धुळीत, ट्रेंट डावीकडच्या रेषेवर एकटा. एकाच डावाचा पंधरा दिवस सराव चालला. कोच वहीत गुण लिहीत नसत. कोणी कोणासाठी वाट मोकळी केली ते लिहीत आणि शनिवारी सामन्याआधी वाचून दाखवत. ज्यांच्या हातात वर्षभर चेंडू येत नाही ती जाडी पोरं ते ऐकताना लाल व्हायची. आम्ही सात सामने जिंकलो.

पण मला त्या मोसमात बरं वाटत नव्हतं. सप्टेंबर संपला तरी उष्मा हटेना. कापूस फुटला, जिन सुरू झाली, हवेत दिवसभर तंतू तरंगायचे. कोच मैदानाच्या कडेला उभे असायचे ते खेळ बघत आहेत असं वाटायचंच नाही. कान लावून काहीतरी ऐकत आहेत असं वाटायचं. कुठे हेल्मेट वाजलं की त्यांची मान झटकन तिकडे वळायची. एकदा मला म्हणाले, "एक येणार आहे, लीलंड. कुठल्या पोरावर ते कळत नाही, पण येणार आहे."

"कोच, असं अभद्र बोलू नका."

"बोललो नाही म्हणून टळतं का?"

उपांत्य सामना गार्नेटशी होता, नोव्हेंबरातल्या शनिवारी दुपारी, आमच्याच मैदानावर. गाव लोटलं होतं. वारा सुटला होता आणि लाल धुळीनं सूर्य तांब्याच्या ताटासारखा दिसत होता. तिसऱ्या सत्राच्या शेवटी आम्ही चौदा, ते बारा. ट्रेंट चेंडू घेऊन डावीकडून निघाला, एकाला चुकवलं, दुसऱ्यानं बाजूनं त्याला उचलून आपटलं. फार मोठा मार नव्हता. डोकं जमिनीला लागलं आणि तो लगेच उठला. पंचांनी बघितलंही नाही.

माझ्याजवळ येऊन पाणी प्यायला आणि म्हणाला, "स्कोअर किती?"

"चौदा-बारा."

दोन डावांनंतर परत आला. "काका, स्कोअर किती?" मी परत सांगितलं. तो तेच परत विचारतोय हे मला कळलं, पण मी कोचना सांगितलं नाही. सात मिनिटं उरली होती, आणि तो आमचा ट्रेंट होता. हे मी आज मुद्दाम लिहितोय.

तिसऱ्यांदा त्यानं कोचना विचारलं. कोच त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि हेल्मेटची जाळी दोन बोटांनी धरली.

"आज कोणाशी खेळतोय आपण?"

ट्रेंटनं मैदानाकडे बघितलं आणि म्हणाला, "गार्नेट."

"तू वाचलंस. त्यांच्या छातीवर लिहिलंय ते वाचलंस. मागच्या शनिवारी कोणाशी खेळलो?"

ट्रेंट हसला. चूक पकडली गेलेलं पोर हसतं तसं. मग त्याचं हसू तसंच राहिलं आणि डोळे इकडेतिकडे काहीतरी शोधायला लागले. कोचनी त्याच्या हनुवटीचा पट्टा काढला, हेल्मेट उचललं, जमिनीवर ठेवलं आणि त्यावर बसले. चक्क बसले. "आज तुझा खेळ संपला, बाळा. माझ्याजवळ बस."

रॉइस कुंपणावरून उडी मारून आला.

"अहो कोच, पोरगं उभं आहे, बोलतंय! काय झालंय त्याला?"

"डोक्याला लागलंय."

"कुणाच्या लागत नाही? मला नव्हतं लागलं? मी तर जाऊन त्यांच्या टीममध्ये उभा राहिलो होतो! तुम्हीच मला चापट मारलीत, तुम्हीच परत पाठवलंत. आणि जिंकलो की नाही?"

"हो," कोच म्हणाले. "मीच पाठवलं."

"मग?"

"म्हणूनच."

रॉइसचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल पुढे सरकलो. "ऊठ म्हाताऱ्या," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं कोचना कधी अरेतुरे केलं नव्हतं. "हेल्मेट दे इकडे."

कोच उठले नाहीत. गावाची मंडळी मागून ओरडत होती, कोण काय ते कळत नव्हतं. रॉइसनं त्यांची कॉलर धरली, सोडली, परत धरली. आपण हे काय करतोय हे त्याचं त्यालाच कळेनासं झाल्यासारखं. कोच त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता. फोन करतानाचे प्रश्न होते.

सामना आम्ही चौदा-अठरा हरलो. शेवटची शिट्टी व्हायच्या आतच रॉइसनं ट्रेंटला दंडाला धरून गाडीत घातलं. कडेला थांबलेली ॲम्ब्युलन्सची बाई म्हणाली, "मी एकदा बघते तरी." तिला त्यानं हातानंच बाजूला सारलं. कोच मला म्हणाले, "चल." त्यांच्या गाडीतून आम्ही मागे निघालो.

रॉइसचं घर गावाच्या उत्तरेला तीन मैलांवर, पडक्या पवनचक्कीपाशी उजवीकडे. तो तिथेच जन्मला होता. त्याची गाडी पवनचक्कीपाशी आली आणि सरळ पुढे गेली.

"हॉस्पिटलला नेतोय वाटतं," मी म्हणालो.

"हॉस्पिटल दक्षिणेला आहे," कोच म्हणाले.

आणखी चार मैल गेल्यावर ती गाडी कापसाच्या शेताकडेला थांबली. दोन्ही बाजूंना वेचून झालेली उघडी पऱ्हाटी, आणि लांबपर्यंत एकही घर नाही. ट्रेंट दार उघडून खाली वाकला होता आणि ओकत होता. रॉइस स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. इंजिन चालू होतं. कोचनी खिडकीशी जाऊन हळूच हाक मारली, "रॉइस."

त्यानं वळून बघितलं. राग कुठल्या कुठे गेला होता. बारा वर्षांच्या पोरासारखा आवाज काढून म्हणाला, "कोच, वळण कुठे गेलं?"

"सापडेल. तू सरक पलीकडे."

कोचनी ती गाडी चालवली, बापलेकांना शेजारी बसवून. मी मागून दुसरी घेऊन गेलो. हॉस्पिटलपर्यंत पंचेचाळीस मैल. त्या सबंध रस्त्यात मी मनातल्या मनात प्रत्येक वळणाचं नाव घेत होतो.

ट्रेंटच्या मेंदूत रक्तस्राव नव्हता, पण मार बसला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "या अवस्थेत दुसरा मार बसला असता तर मी आत्ता तुमच्याशी वेगळं बोलत असते," त्या म्हणाल्या. "खेळातून कोणी काढलं याला?" रॉइसची बायको जनेल तोवर पोचली होती. तिनं कोचकडे बोट दाखवलं आणि रडायला लागली. रॉइसला तपासून घ्या असं कोचनी सुचवलं तेव्हा तो म्हणाला, "रस्ता चुकला, एवढंच," आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

परतताना अंधारून आलं होतं. मीच चालवत होतो. एक फाटा आला आणि मी वेग कमी केला. गरजेपेक्षा जरा जास्तच कमी केला असेन.

"तू मला फोनवर खरं सांगितलं होतंस का?" कोचनी विचारलं.

"नाही."

फाटा मागे पडेपर्यंत ते आरशात बघत होते. मग म्हणाले, "सोमवारी बसवर कोण आहे?"

"मीच."

"नाही. तू नाहीस."

मी रविवारी शाळेच्या साहेबांना फोन करून सांगितलं. आता मी डेपोत बसगाड्यांची देखभाल करतो, दर सहा महिन्यांनी डोक्याची तपासणी होते, आणि डॉक्टर दर वेळी म्हणतात की अजून काही नक्की सांगता येत नाही. बरा दिवस असला की मला वाटतं काहीच नाही. वाईट दिवस असला की बायकोला मिठाची बरणी "ते पांढरं" म्हणून मागतो.

कोचना कोणी काढलं नाही. डिसेंबरच्या बैठकीत लीगच्या मंडळानं त्यांना एक लाकडी फलक दिला, एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल, आणि पुढच्या मोसमासाठी तरुण माणूस नेमला. बेकरीत लोक त्यांना टाळत नव्हते, फक्त ते आले की फुटबॉलचा विषय थांबायचा. ट्रेंटच्या तपासणीत काही निघालं नाही असंच गावानं मनात धरलं होतं. "उगाच सामना घालवला" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. डोरीन म्हणाली, "आता तरी माझ्याबरोबर मासे धरायला चल." दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ते परत क्लिफ्टनकडे. त्यानं पुन्हा "परत जाऊ का?" विचारलं, आणि कोचनी सांगितलं, "नाही बाळा, सामना संपला. तू छान खेळलास." डोरीन सांगत होती, क्लिफ्टन हे ऐकून खाली बसला आणि पहिल्यांदाच पोटभर जेवला.

रॉइस मार्चमध्ये स्वतःहून कोचच्या दारात आला. हातात गाडीची किल्ली होती. जनेलच्या अंगावर हात उगारला होता आणि तो कशासाठी ते आठवत नव्हतं. कोच त्याला मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. अजूनही तेच नेतात. एका गाडीत दोघं जातात, जाताना फारसं बोलत नाहीत. ट्रेंट आता धावण्याच्या शर्यतीत उतरतो आणि आईवर चिडलेला असतो. त्याला फुटबॉल हवा आहे.

नव्या कोचनी झुंज परत आणली. तो वाईट माणूस नाही. पोरांमध्ये तिनं जोश येतो म्हणतो, आणि जोश येतोही. दुपारी जिनचा भोंगा झाला की रस्त्यापलीकडून हेल्मेटांचा तो आवाज ऐकू येतो. व्हर्लिन ह्रुस्का पान्हा खाली ठेवतात, हात पुसतात आणि कुंपणाशी जाऊन उभे राहतात. त्यांनी मंडळाकडे एकच मागणी केली होती, हेल्मेट बसवून द्यायचं काम मला राहू द्या. ते त्यांना दिलं गेलं. मागच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये ते टेबलामागे बसले होते. एकेका पोराचं डोकं दोन्ही हातांत धरत होते, पट्टा आवळत होते, हेल्मेट डावी-उजवीकडे हलवून बघत होते, आणि प्रत्येकाला विचारत होते, "लागलं तर कोणाला सांगशील?" पोरं म्हणत होती, "कोणाला नाही!" आणि रांगेत मागे उभी असलेली पोरं हसत होती.

रांग दाराबाहेर गेली होती. या वर्षी बेचाळीस नावं आली, आजवरची सगळ्यात जास्त.